विहीर दिसते तेवढीच खोल असते का?



यंदा आमच्या सातवीच्या वर्गात विज्ञानाच्या दोन वह्या आहेत. एक नेहमीची, रेघांची. दुसरी मोबाइलमध्ये उघडते. तिला आम्ही 'डिजिटल वही' म्हणतो. तिच्यातली चित्रे बोटाने सरकतात, रिकाम्या चौकटीत उत्तर लिहिता येते आणि केलेल्या प्रयोगाचा फोटोही चिकटवता येतो. प्रकाशाचा अभ्यास आम्ही या वहीवर करतो. पुष्कळ पालक विचारतात, "मोबाइलवर कसला आलाय अभ्यास?" म्हणून तिची दोन पाने उलगडून सांगते.

पहिले पान : आरसा

पानावर एक आरसा आणि एक विजेरी आहे. आरशावर पडतो तो आपाती किरण आणि परत फिरतो तो परावर्तित किरण. आरशावर काटकोनात उभी असलेली रेघ म्हणजे स्तंभिका. विजेरी सरकवून आपाती किरणाचा स्तंभिकेशी ३० अंशांचा कोन केला, की पलीकडेही ३० अंशच होतात. ५० केला की ५०. कितीही फिरवा, दोन्ही कोन सारखेच!

पण वही सांगते म्हणून खरे मानायचे नाही, असा आमच्या वर्गाचा नियम आहे. म्हणून आरसा घेऊन उन्हात जायचे आणि भिंतीवर कवडसा पाडायचा. आरसा १० अंश फिरवला की कवडसा २० अंश पळतो. कारण एक कोन १० ने वाढला की दुसराही तेवढाच वाढतो. दहा नि दहा वीस.

एक गोष्ट मात्र वहीत खोटी आहे बरं का! तिथे किरण लाल रेघेसारखा दिसतो. खरा किरण बाजूने पाहिला तर दिसत नाही. पत्र्याच्या भोकातून ऊन येते तिथे डस्टर झटका. खडूच्या धुळीवर प्रकाश पडून तो आपल्या डोळ्यांकडे येतो, तेव्हाच किरणांची वाट दिसते.

दुसरे पान : पाणी

हे पान सर्वांत महत्त्वाचे. अपवर्तनाचा धडा वरच्या इयत्तेत येतो. पण विहिरी आणि शेततळी आपल्या शिवारात आजच आहेत, म्हणून गुरुजींनी हे पान आधीच घातले.

आधी घरी हा प्रयोग करा. खोल भगुन्याच्या तळाला कणकेच्या गोळीने एक रुपया चिकटवा. रुपयाकडे बघत हळूहळू मागे सरका. काठाआड रुपया दिसेनासा झाला की थांबा. आता दुसऱ्याला भगुन्यात पाणी ओतायला सांगा. रुपया जागचा हलला नाही, तुम्हीही हलला नाहीत, तरी तो दिसू लागतो!

असे का होते, ते वहीत दिसते. रुपयाकडून निघालेला किरण पाण्यातून हवेत येताना वाकतो. आपल्या डोळ्यांना हे वाकणे कळत नाही. किरण सरळच आला असे समजून ते रुपयाला खऱ्या जागेपेक्षा वर पाहतात. प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, तर पाण्यात सुमारे सव्वादोन लाख, म्हणजे पाऊणपट. गंमत अशी, की वरून सरळ खाली पाहिले तर पाण्याची खोलीही पाऊणपटच दिसते. चार परस पाणी तीन परस वाटते. वहीत बोटाने डोळा बाजूला सरकवला की तळ आणखी वर येतो. म्हणजे काठावरून तिरपे पाहिले तर पाणी त्याहूनही उथळ दिसते.

आता विचार करा. तीन फूट वाटलेले पाणी चार फूट असते. पहिलीतल्या पोराला जे छातीएवढे वाटते, ते त्याच्या डोक्यावरून जाते. "लई खोल नाही, मार उडी" असे कोणी म्हणाले तर ही पाऊणपट आठवा. पोहता येत नसेल तर पाण्यात उतरूच नका.

ही वही कोणासाठी?

पुस्तकाला मोबाइलची जोड देणे आपल्याकडे नवे नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा २००२ साली सुरू झालेला 'फेट' प्रकल्प बोटाने चालवायचे प्रयोग फुकट देतो. त्यांतले बरेच मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतले की रेंज नसली तरी चालतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांजवळ राहतात, काही आईवडिलांबरोबर फडावर जातात. आम्ही सहावीत होतो तेव्हा 'प्रकाश व छायानिर्मिती' हा धडा सोळांपैकी चौदावा होता. तो वर्गात आला तेव्हा कित्येक बाके रिकामी होती. जे गेले त्यांना प्रकाश कोणी शिकवायचा? कारखान्याच्या वाटेवर कालवे आणि विहिरी तर तिकडेही आहेत.

म्हणून पालकांना हात जोडून विनंती. निघण्याआधी शाळेत येऊन ही वही आपल्या मोबाइलमध्ये घ्या. तोडणीवरून आल्यावर कोपीत अर्धा तास तो मोबाइल पोरांच्या हाती द्या. धाकट्याला सांभाळत थांबलेल्या पोरीलाही द्या. भगुने, पाणी आणि रुपया तर तिथेही मिळेल. प्रयोग झाला की फोटो पाठवा. तो आम्ही इथे, याच भिंतीवर लावू.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी