स्मार्टबोर्ड नसलेल्या वर्गासाठी

पुण्यातल्या मराठी शाळेच्या शिक्षक खोलीत ऑनलाइन साधनांचा विषय निघाला की दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. 'ते सगळं इंग्रजी माध्यमासाठी असतं' हे एक आणि 'आमच्याकडे तेवढी सोय नाही' हे दुसरं. दोन्ही उत्तरं अनुभवातून आलेली आहेत, त्यामुळे ती उडवून लावण्यात अर्थ नाही. पण याच समजुतींपायी बरंच चांगलं, मोफत आणि पुष्कळदा याच शहरात तयार झालेलं साहित्य वर्गापर्यंत पोहोचत नाही. शिक्षकाचा वेळ मोलाचा असतो आणि तो वाचवणाऱ्या गोष्टी माहीत नसल्यामुळे वाया जावा, हे मला खटकतं.

'मराठीत काही मिळत नाही'

सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीपासूनच सुरुवात करू. १९६७ साली स्थापन झालेली ही संस्था राज्याची पाठ्यपुस्तकं तयार करते. तिच्या ई-बालभारती संकेतस्थळावरून पुस्तकांच्या पीडीएफ फायली मोफत उतरवून घेता येतात. बहुतेक ठिकाणी त्या उघडल्या जातात त्या छापील पुस्तकं वेळेत न आल्यावर. माझ्या मते त्यांचा मोठा उपयोग वेगळाच आहे. पाचवीला अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईंना चौथीत मुलं कुठवर आली होती आणि सहावीत त्यांना कुठे जायचं आहे, हे तिन्ही इयत्तांची पुस्तकं शेजारी-शेजारी उघडून चटकन पाहता येतं. पुस्तकं इतर माध्यमांतही तिथेच आहेत. पुण्यातल्या बांधकामांवर कामाला आलेल्या कुटुंबांची कन्नड बोलणारी मुलं महापालिकेच्या शाळांत असतात. अशा मुलाला गणिताचा तोच धडा कन्नड पुस्तकातून दाखवता आला, तर त्याला न येणारी गोष्ट गणित आहे की मराठी, एवढा तरी उलगडा होतो.

बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. मराठीतल्या नामवंत लेखकांनी आणि चित्रकारांनी मुलांसाठी केलेलं काम त्यांत साठलेलं आहे. आकलनासाठी न पाहिलेला उतारा हवा असेल, तर अप्पा बळवंत चौकातल्या गाइडमधला तोच तो उतारा कशाला शोधायचा?

मराठी विश्वकोशही पूर्ण मोफत, ऑनलाइन आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याची उभारणी केली, त्या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. संकल्पना समजावून घ्यायला, मराठी परिभाषा पाहायला त्यासारखं दुसरं काही नाही. मात्र त्यातल्या लोकसंख्या, उत्पादन, राजकीय सीमा यांबाबतच्या जुन्या नोंदी त्या-त्या काळातल्या आहेत. आकडे दुसरीकडून तपासून घ्यावेत.

बाहेरच्या देशांतलंही काही मराठीत आलं आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. विद्युत मंडल जोडून पाहणं, अपूर्णांकांचे तुकडे करणं, लंबकाची दोरी लांब-आखूड करणं असे प्रयोग त्यात पडद्यावर करता येतात आणि त्यांतल्या अनेकांची मराठी रूपं उपलब्ध आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ साली सुरू झालेल्या मंचावर मराठी चित्रकथा आहेत. त्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. पहिलीत एका ओळीवर अडणारं मूल आणि गोष्टच्या गोष्ट वाचून काढणारं मूल एकाच बाकावर बसलेलं असतं, तेव्हा ही पातळी कामी येते.

'प्रोजेक्टर नाही, नेट नाही, मग काय करणार?'

या समजुतीला सगळ्यात चांगलं उत्तर पुणे विद्यापीठाच्या आवारात सापडतं. तिथल्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेत 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे. ती उभी राहिली पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून. अरविंद गुप्ता यांनी तिथे अनेक वर्षं काम केलं. आयआयटी कानपूरला अभियांत्रिकी शिकलेला, पुण्यात टेल्कोत नोकरी केलेला हा माणूस टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करत राहिला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर या खेळण्यांच्या छोट्या फिल्म्स मराठीसह अनेक भाषांत आहेत आणि जोडीला मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकांचा प्रचंड साठा आहे.

त्या खेळण्यांतली साधी विद्युत मोटर घ्या. एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, एक छोटा चुंबक आणि इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार. सगळं सामान तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. तारेची दहाएक वेढ्यांची गुंडाळी करायची. तिच्या एका टोकावरचा लेप पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्या टोकावरचा फक्त एका बाजूने. अर्ध्या फेरीत प्रवाह वाहतो, उरलेल्या अर्ध्या फेरीत तुटतो, म्हणून गुंडाळी मागे-पुढे न हेलकावता एकाच दिशेने फिरत राहते. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर ती थरथरून थांबते. दहावीच्या पुस्तकात विद्युत चलित्राच्या आकृतीत दुभंगलेलं कडं असतं ना, त्याचं काम मुलांना इथे बोटांनी कळतं.

या सगळ्यात वर्गात पडदा कुठेच लागला नाही. फिल्म शिक्षकाने आदल्या रात्री घरी पाहिली, एवढंच. ऑनलाइन साधन मुलांना दाखवायचंच असतं हाच मुळात गैरसमज आहे. त्याचा निम्म्याहून अधिक उपयोग शिक्षकाच्या तयारीसाठी आहे, असं मला वाटतं.

आणि दाखवायचं असेल तरी वर्गात नेट हवंच असं नाही. फेटचे नवे प्रयोग एकेक फाइल म्हणून उतरवता येतात आणि मग साध्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात. केंद्र सरकारच्या 'दीक्षा' या शैक्षणिक ॲपवरचं साहित्यही आधी उतरवून ठेवता येतं.

'क्यूआर कोड म्हणजे व्हिडिओ'

पाठ्यपुस्तकातल्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाशी महाराष्ट्राचं खास नातं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ही कल्पना राज्यभर गेली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं, तेव्हा दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांत हा कोडच जास्त दिसला. त्यामागचं काम मोठं होतं: मुलांच्या भाषेत मजकूर तयार करणं, तो पुस्तकाच्या नेमक्या पानाला जोडणं आणि प्रत्येक मुलाकडे बघून त्यात बदल करणं.

कोडमध्ये व्हिडिओ वगैरे काही साठवलेलं नसतं, त्यात केवळ एक पत्ता असतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतले कोड २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या 'दीक्षा' मंचाकडे नेतात आणि तिथे त्या धड्याशी जोडलेले व्हिडिओ, सराव प्रश्न, कृती असं जे असेल ते उघडतं. मोबाइलचा कॅमेरा खराब असला तरी अडत नाही: कोडजवळ छापलेली सहा अक्षर-अंकांची ओळ दीक्षावर टाइप केली की तेच साहित्य मिळतं. जोडलेलं सगळं सारख्याच दर्जाचं मात्र नाही. काही व्हिडिओ म्हणजे धड्याचं नुसतं वाचन आहे. ते मुलांपुढे लावण्याआधी शिक्षकाने पूर्ण पाहायलाच हवेत.

नुसतं वाचन आणि खरं शिकवणं यांतला फरक २०२० च्या टाळेबंदीत ठळक झाला. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर लागली. तिच्यात पाठ्यपुस्तकातला विषय घरातल्या वस्तू आणि घरातली माणसं घेऊन कृतीतून मांडला होता. स्मार्टफोन नसलेल्या घरातही ती दिसत होती, हे तिचं मोठेपण.

'मराठी टायपिंगला खास फॉण्ट लागतो'

हा गैरसमज छोटा दिसतो, पण प्रश्नपत्रिका करणाऱ्या शिक्षकांना तो फार छळतो. एका शाळेत तयार केलेली सराव परीक्षा दुसऱ्या शाळेच्या संगणकावर उघडावी, तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. कारण सरळ आहे. जुन्या फॉण्टांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फॉण्ट त्यावर फक्त देवनागरी चित्र चढवतो. फॉण्ट नसला की चित्र गेलं, इंग्रजी उरलं. युनिकोडमध्ये मात्र 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे आणि देवनागरी त्यात १९९१ सालापासून आहे. त्यामुळे युनिकोडमधला मजकूर मोबाइलवर, ईमेलमध्ये, गूगल फॉर्ममध्ये जसाच्या तसा दिसतो, शोधताही येतो. इनस्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कळफलक विंडोज आणि लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये जाऊन तो फक्त सुरू करायचा. राज्य मराठी विकास संस्थेचे 'यशोमुद्रा' आणि 'यशोवेणू' हे सुबक युनिकोड फॉण्ट मोफत आहेत. इनस्क्रिप्टची सवय व्हायला काही दिवस जातात, पण एकदा ती झाली की वर्षानुवर्षांच्या प्रश्नपेढ्या जपून ठेवता येतात आणि इतर शाळांना देता येतात. 'तंत्रस्नेही शिक्षक' व्हायला प्रोग्रामिंग यावं लागतं असं मानणाऱ्यांनी इथून सुरुवात केली तरी खूप झालं.

'नेटवर आहे, म्हणजे वापरायला मोकळं'

इथे दोन टोकांचे गैरसमज आहेत. काहींना वाटतं सगळंच मोकळं आहे, तर काहींना पुस्तकातल्या एका पानाची झेरॉक्स वाटतानाही धास्ती वाटते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेल्या पुनरुत्पादनाला सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाच्या गाजलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली या तरतुदीचा अर्थ शिकवण्याच्या बाजूने व्यापक लावला. पण वर्गात वापरणं वेगळं आणि तेच यूट्यूबवर चढवणं किंवा छापून विकणं वेगळं.

भारतात प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले. त्यांच्या कवितांवरचा अधिकार २०५९ अखेरपर्यंत राहील. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत: लेखक-चित्रकारांची नावं दिली की छापता, बदलता, दुसऱ्या भाषेत नेता येतात. बोलीत गोष्ट हवी असणाऱ्या शिक्षकाला याहून चांगली वाट मिळणार नाही.

मुलांच्या माहितीबाबत तर अधिक जागरूक राहायला हवं. वर्गाचे फोटो, गुणांचे तक्ते, आधार क्रमांक पालकांच्या व्हॉट्सॲप गटात सर्रास फिरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. चाचणीसाठी गूगल फॉर्म करताना हजेरी क्रमांक पुरतो, मुलाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख कशाला मागायची?

'साधनं आली की गुण वाढतात'

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या शाळेत २००७ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक मोहिमेचा भारतातला प्रयोग झाला. हीच मोहीम पेरू देशात फार मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. तिथल्या शाळांचं मूल्यमापन २०१२ साली प्रसिद्ध झालं. संगणक मुलांपर्यंत पोहोचले होते, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) २०१५ च्या अहवालातही संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित आणि विज्ञानात लक्षणीय सुधारणा दिसली नव्हती. शाळेला देणगी मिळाली की पहिला विचार स्मार्टबोर्डचा होतो. त्याआधी हे निष्कर्ष व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचले जावेत असं मला मनापासून वाटतं. याचा अर्थ साधनं निरुपयोगी आहेत असा नाही. फेटवरचा लंबक नुसता हलताना पाहून काही शिकणं होत नाही. 'दोरी दुप्पट केली तर एका झोक्याला लागणारा वेळ दुप्पट होईल का?' असं आधी विचारून, मुलांकडून अंदाज वहीत लिहून घेऊन मग तो हलवला, की बहुतेकांचे अंदाज चुकतात. तिथून तास सुरू होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनाही हेच लागू आहे. प्रश्नांचे वेगवेगळे नमुने, कमी-जास्त काठिण्याचे उतारे, इंग्रजी मजकुराचा कच्चा अनुवाद यांसाठी ती खरंच वेळ वाचवतात. पण ती पुढचा संभाव्य शब्द जोडत जातात, आणि चुकीचा सनही तेवढ्याच ठामपणे सांगतात. म्हणून त्यांनी दिलेली प्रत्येक तारीख, व्याख्या आणि कवीचं नाव प्रश्नपत्रिका छापण्याआधी बालभारतीच्या पीडीएफमध्ये आणि विश्वकोशात पाहून घ्यावं. मराठी व्याकरणाचे प्रश्न तर ओळ अन् ओळ तपासावेत. समास आणि प्रयोग ओळखण्यात या साधनांच्या चुका वारंवार होतात.