एक नाव, दोन विषं : कळलावीची ओळख

श्रावणात कुंपणावर, बांधाच्या झुडपात पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी फुलं दिसतात ना? सहा पाकळ्या, सगळ्या मागे वळलेल्या. पानाचं टोक तारेसारखं गुंडाळलेलं, त्यानंच वेल आधार धरतो. ही कळलावी. कुणी अग्निशिखा म्हणतं, कोकणात गौरीचे हात, कुठं खड्यानाग, कुठं बचनाग.

पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून हिचा कंद उगाळून लावत, म्हणून कळलावी. घरात आणली की भांडण लागतं असंही म्हणतात. भांडणाचा दोष फुलावर कशाला? पण त्या भीतीनं पोरं हात लावत नाहीत, हे बरंच आहे.

घोळ होतो तो बचनाग या नावानं. वैद्यांचा बचनाग, म्हणजे वत्सनाभ, हिमालयातल्या थंड डोंगरांवर वाढतो. तो मोरवेलीच्या कुळातला. त्याचं विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं, तेही लवकर. कळलावीच्या विषानं काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. मग थोडं बरं वाटलं, तरी पुढच्या दिवसांत रक्त आणि किडनी बिघडू शकते. दवाखान्यात नुसतं 'बचनाग खाल्लं' सांगितलं, तर डॉक्टरांनी कोणतं विष समजायचं?

म्हणून शास्त्रात एका झाडाला एकच नाव असतं. स्वीडनच्या लिनियस यांनी 1753 मध्ये हिचं नाव छापलं, ग्लोरिओसा सुपर्बा. मतदार यादीसारखं आडनाव आधी, नाव नंतर. दोन्ही शब्दांचा अर्थ दिमाखदार असाच काहीसा. कूळ मात्र बदललं. फूल पाहून हिला लिलीच्या कुळात घातलं होतं. आता ती कोल्चिकम नावाच्या झाडाच्या कुळात आहे. दोघींत विषही एकच, कोल्चिसिन. त्याच कोल्चिसिनची गोळी डॉक्टर गाउट या सांधेदुखीवर मोजून देतात. तमिळनाडूत तर शेतकरी बियांसाठी कळलावीची शेती करतात, आणि ती त्या राज्याचं फूलही आहे.

आमच्या गटात कंद गोळा करणाऱ्या बायका आहेत. त्यांना आम्ही सांगतो, हिचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते त्यामुळंच. रताळ्याच्या टोपलीत तो टाकू नका. पोटाला, पायाला लेपही नको. चुकून कुणी खाल्लाच, तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा, आणि पान-फुलासकट वेलाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या.