जेवढा घट्ट, तेवढा फायदा?

जिममध्ये हल्ली दंडाला पट्टा आवळून बायसेप्स मारणारी मुलं दिसतात. विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "रक्त बंद केलं की मसल झटपट वाढतो. जेवढा घट्ट, तेवढा फायदा." ऐकून ऐकून कान किटले.

अहो, रक्त बंद करायचंच नसतं! दंडाच्या किंवा मांडीच्या अगदी वरच्या टोकाला पट्टा बांधतात तो शिरांतून परतणारं रक्त अडवायला. धमनीतून येणारं रक्त कमी होतं, थांबत नाही. स्नायूला ऑक्सिजन अपुरा पडतो, लॅक्टेट साचतं आणि एरवी जड वजनालाच कामाला लागणारे तंतू हलक्या वजनालाही जुंपले जातात. तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलू शकता, त्याच्या २० ते ३० टक्के वजन पुरतं. ३०, १५, १५, १५ असे चार सेट, मध्ये अर्धा मिनिट दम.

आता दाब. रक्तप्रवाह पूर्ण थांबवणाऱ्या दाबाच्या ४० ते ८० टक्के, असं 'फ्रंटियर्स इन फिजिऑलॉजी'मधली २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. प्रवाह पूर्ण थांबवणारा दाब माणसागणिक आणि पट्ट्याच्या रुंदीगणिक बदलतो. म्हणून हवेचा कफ लावून तो मोजतात. नी-रॅपचं टोक दातात धरून आवळणाऱ्याला तो कुठून कळणार? बोटं बधिर झाली, हात पांढरा पडला, तर तो 'पंप' नव्हे. पट्टा ताबडतोब सोडा.

'मग जड वजनं बंद?' नाही. पट्टा बांधून हलक्या वजनानेही स्नायूचा आकार जवळपास तेवढाच वाढतो, ताकद मात्र जड वजनानेच जास्त वाढते.

'ग्रोथ हार्मोन २९० पट!' आकडा २०००च्या एका जपानी अभ्यासातला आहे, पण ती वाढ तात्पुरती. तिच्यामुळे स्नायू वाढतो, असं सिद्ध झालेलं नाही.

'दंडाची चरबी वितळते.' पट्ट्याने? नाही.

'नवं फॅड आहे.' जपानच्या योशिआकी सातोंना ही कल्पना १९६६ साली सुचली, बौद्ध विधीत गुडघे मुडपून बसल्यावर पोटऱ्या भरून आल्या तेव्हा.

'बॉडीबिल्डरांचं काम.' उलट, खरी गरज गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि सांधे कुरकुरणाऱ्या ज्येष्ठांना. जड वजन त्यांना झेपत नाही आणि स्नायू तर झिजत असतो.

रक्ताची गुठळी पूर्वी झाली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, गरोदरपण असेल किंवा सिकल सेल असेल (विदर्भातल्या वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावं), तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्ट्याला हात लावू नका. बाकीच्यांनीही पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच बांधावा.