पायलट होऊ पाहणाऱ्यांसाठी : स्टॉल म्हणजे काय?

५ जानेवारी २०२३ पासून मोपाला विमाने उतरू लागली आणि आमच्या कारापुरातही पायलट होण्याच्या गोष्टी निघू लागल्या. शिकायला मात्र बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी जावे लागते. जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

समोरून येणाऱ्या हवेशी पंख जो कोन करतो, त्यावर उचल अवलंबून असते. पतंग उडवणाऱ्याला हे सांगायला नको! कोन वाढला की उचल वाढते, पण साधारण १५ अंशांपर्यंतच. त्यापुढे हवा पंखाची पाठ सोडते, उचल घटते. हाच स्टॉल, इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही.

एलेरॉन विमान कलवतात, रडर नाक डावी-उजवीकडे वळवतो, एलिव्हेटर ते वर-खाली करतो. विमान खाली जाऊ लागले की घाबरून कंट्रोल मागे ओढला जातो. त्याने कोन आणखी वाढतो. स्टॉलमध्ये आधी नाक खालीच करायचे.

धावपट्टीकडे वळताना विशेष जपावे. ६० अंश कलून, उंची राखून वळल्यास पंखांवरचा भार दुप्पट होतो. एरवी ५० नॉटला स्टॉल होणारे विमान सुमारे ७० नॉटलाच स्टॉल होते. आणि सावरायला तिथे उंची उरलेली नसते.