नकाशावरचा रंग आणि डोक्यावरचं छप्पर

28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री देशभर एक विलक्षण काम झालं. जनगणनेचे प्रगणक अंधारात बाहेर पडले आणि ज्यांना दारच नाही अशा माणसांची मोजदाद करू लागले. फलाटांवर, उड्डाणपुलांखाली, देवळांच्या ओट्यांवर, रस्त्याकडेला टाकलेल्या सिमेंटच्या पाइपांत झोपलेली माणसं. मोजणी एकाच रात्रीत आटपायची, कारण उद्या ही माणसं दुसरीकडे असतील आणि पुन्हा मोजली जातील. त्यातून आकडा निघाला 17 लाख 73 हजार 40. त्यातले 9 लाख 38 हजार शहरांतले. महाराष्ट्रातले दोन लाख दहा हजारांच्या वर.

मला या रात्रीचं फार नवल वाटतं. सरकार माणसाला ओळखतं ते पत्त्यावरून. रेशनकार्ड, मतदारयादी, शाळेचा दाखला, सगळीकडे आधी पत्ता विचारतात. तेच सरकार जनगणनेच्या एका रात्री, पत्ता नसलेल्यांना शोधायला आपणहून रस्त्यावर उतरतं.

या आकड्यांचं पुढे काय होतं, हे समजून घ्यायला विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात उभं राहून पाहावं. तलाव, चाळी, चाळींच्या जागी उठलेल्या चार-पाच मजली इमारती, शेअर रिक्षांची रांग आणि पहाटेची लोकल गाठायला निघालेली माणसं. आजूबाजूला फुलपाडा, चंदनसार, नारिंगी, कारगिल नगर. विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली 12 एप्रिल 1867 ला, आणि तेव्हा दिवसाकाठी जायला एक आणि यायला एक एवढीच गाडी होती. 3 जुलै 2009 ला विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपालिका आणि पन्नासहून अधिक ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत या नव्या शहराची लोकसंख्या भरली 12 लाख 22 हजार 390.

आता हिशेब पाहा. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं तेव्हा केंद्राने एक सूत्र घालून दिलं: शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी किमान शंभर माणसांचा एक कायमचा निवारा. चोवीस तास, बारा महिने उघडा. माणशी 50 चौरस फूट जागा, पाणी, संडास, न्हाणीघर, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायला कुलूपबंद कप्पा. हा कप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रस्त्यावर राहणारा माणूस कामावर जाताना आपली कागदपत्रं आणि गोधडी कुठे ठेवणार? चोरी होईल या भीतीने कित्येकांचा रोजगार बुडतो. ज्याने कुणी हा कप्पा नियमात लिहिला, त्याला बेघरपण आतून कळलं होतं.

या सूत्राने वसई-विरारला बारा निवारे लागतात, तेही 2011 च्या लोकसंख्येवर. त्यानंतर इथे किती वस्ती वाढली, हे विरार स्टेशनच्या जिन्यावरून उतरणाऱ्या कुणालाही दिसतं. बारा निवारे म्हणजे बारा जागा हव्यात, आणि त्या जागा रेल्वे स्टेशन, मजूर नाका, बाजार यांच्या जवळ हव्यात. शहराच्या टोकाला, जिथून कामावर पोचायला रिक्षाचे पैसे पडतात तिथे बांधलेला निवारा ओस पडतो. म्हणजे प्रश्न शेवटी जमिनीवर येतो.

पण त्याआधी, बेघरांना मोजायचं कुणी? याचं सगळ्यात सुंदर उत्तर मुंबईतल्या भायखळ्याच्या फुटपाथवर सापडतं. 1985 मध्ये फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मात्र नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करायची मुभाही पालिकेला राहिली. त्याच वर्षी शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'स्पार्क' या संस्थेने फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची पाहणी केली. तोवर अधिकारी त्यांना 'येणारे-जाणारे' समजत. पाहणीत दिसलं की ही माणसं वर्षानुवर्षं एकाच जागी राहतात आणि आसपासच्याच कामांवर पोट भरतात. त्यातून 'महिला मिलन' ही फुटपाथवरच्या बायकांची संघटना उभी राहिली. या बायकांनी आपलं घर कसं हवं ते स्वतः ठरवलं आणि खऱ्या मापाचा नमुना उभा करून लोकांना दाखवला. चौदा फूट उंच खोली, म्हणजे आत माळा घालता येतो. फुटपाथवरच्या बाईने वास्तुरचनाकाराला उंचीचं गणित शिकवलं! पुढे यातल्या अनेक कुटुंबांना मानखुर्दला पक्की घरं मिळाली.

आता परत वसईकडे येऊ, कारण इथल्या बेघरपणाची मोठी गोष्ट फलाटावर सुरू होत नाही, ती नकाशावर सुरू होते.

शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक तुकड्याला रंग असतो. पिवळा म्हणजे राहण्यासाठी. काही तुकड्यांवर शाळा, बाग, दवाखाना, कचराभूमी असं लिहिलेलं असतं. लोक म्हणतात, 'त्या जागेवर रिझर्व्हेशन पडलंय.' वसई-विरारचा आराखडा 1990 पासून सिडको या सरकारी नगरनियोजन संस्थेच्या हाती होता, पुढे तो महापालिकेकडे आला. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी भागात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेली जमीन होती. तिच्यावर खोट्या कागदपत्रांच्या आधारे 41 इमारती उभ्या राहिल्या. माणसांनी घरं घेतली, संसार मांडले, घरपट्टी भरली. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हे पुष्कळांना तेव्हा कळलं जेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2025 च्या सुरुवातीपर्यंत या इमारती पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं एका फटक्यात बेघर झाली.

मी या घटनेचा पुष्कळ विचार करते. शहराला सांडपाण्याचं केंद्र हवंच. न्यायालयाचा निर्णय चुकला असं मला म्हणता येत नाही. पण पहिल्या इमारतीच्या पायाचा खड्डा खणला जात होता तेव्हा तो थांबवणं किती सोपं होतं! त्या दिवशी प्रभाग कार्यालयातून एक माणूस येऊन उभा राहिला असता तर पुढे अडीच हजार चुली विझल्या नसत्या.

त्याच वर्षी 27 ऑगस्टला, गणेश चतुर्थीची पहाट व्हायच्या आत, विरार पूर्वेच्या विजय नगरमध्ये रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग शेजारच्या रिकाम्या चाळीवर कोसळला. सतरा माणसं गेली. वाचलेल्या कुटुंबांना चंदनसारच्या समाजमंदिरात हलवलं. त्यांना त्या रात्री जे हवं होतं तेच बेघरांच्या निवाऱ्याच्या नियमांत लिहिलेलं आहे: छप्पर, पाणी, संडास, चूल, कागदपत्रं ठेवायला जागा. अशा वेळी उपयोगी पडतील अशी रिकामी घरं शहराच्या हाताशी कायम हवीत. मुंबई महानगर प्रदेशासाठी एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाने 2008 मध्ये 160 चौरस फुटांची भाड्याची घरं बांधून घ्यायची योजना आणली होती. ती मनासारखी चालली नाही, पण भाड्याने सार्वजनिक घर देण्याचा तो विचार टाकून देऊ नये असं मला ठामपणे वाटतं. नुकत्याच शहरात आलेल्या मजुराला मालकीचं घर परवडत नाही, त्याला महिन्याचं भाडं परवडतं.

आणि आता सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. याच शहरात, विरार पश्चिमेला बोळींजमध्ये, म्हाडाच्या कोकण मंडळाने हजारो घरं बांधली. सरकारी घरं, पक्की, रीतसर परवानगीची. त्यातली हजारो कित्येक वर्षं विकलीच गेली नाहीत. एक मोठं कारण होतं पाणी. एकीकडे अनधिकृत चाळीत दाटीवाटीने राहणारी माणसं आणि दुसरीकडे रिकाम्या इमारती, मध्ये फक्त नळाचं अंतर.

ते अंतर केवढं होतं? पार सूर्या नदीवरच्या धामणी धरणापर्यंतचं. एमएमआरडीएच्या सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेची क्षमता रोज 403 दशलक्ष लिटर. त्यातलं 185 वसई-विरारला, 218 मिरा-भाईंदरला. हे पाणी आणायला मेंढवणखिंडीत आणि तुंगारेश्वरच्या डोंगरात बोगदे पाडावे लागले. वसई-विरारला ते 2023 च्या अखेरीस मिळू लागलं. हे धरण मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी बांधलेलं, त्यामुळे पाणी शहराकडे वळवायला तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांचा विरोध होता. मनवेलपाड्यातल्या माणसाला घर मिळायचं तर शंभरेक किलोमीटरच्या परिसरातली नदी, शेत, रेल्वे, कचरा, कारखाना यांचा एकत्र विचार व्हावा लागतो. कोणतीही एक महापालिका एकटीने हे करू शकत नाही. प्रादेशिक नियोजन म्हणतात ते हेच.

घटनाकारांच्या वारसदारांना हे ठाऊक होतं. 1993 च्या जूनपासून लागू झालेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य तिथल्या नगरसेवकांनी आणि पंचायत अध्यक्षांनी आपल्यातून निवडून द्यायचे. म्हणजे कागदावर तरी, मनवेलपाड्याचा नगरसेवक या टेबलाशी बसू शकतो आणि सांगू शकतो की आमच्याकडे अमुक ठिकाणी इतकी माणसं उघड्यावर झोपतात. प्रत्यक्षात 2020 च्या जूनपासून पाच वर्षांहून जास्त काळ वसई-विरार महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. नेमक्या त्याच काळात वर सांगितलेल्या दोन्ही घटना घडल्या. इमारती आधीच्या होत्या, हे खरं. पण रस्त्यावर आलेल्या कुटुंबाने दार ठोठावावं असं निवडून दिलेल्या नगरसेवकाचं घर शहरात एकही नव्हतं.

निवडून आलेल्या स्थानिक संस्था काय करू शकतात हे कळायला, केरळने काय केलं ते इथे सांगायला हवं. तिथे पंचायती आणि नगरपालिकांनी वॉर्डावॉर्डांतून अतिगरीब कुटुंबं शोधली, 64 हजार 6 निघाली. मग प्रत्येक कुटुंबासाठी वेगळा आराखडा केला: कुणाला घर, कुणाला औषध, कुणाला फक्त आधारकार्ड. 1 नोव्हेंबर 2025 ला राज्याने अतिगरिबी संपल्याचं जाहीर केलं. त्या दाव्यावर तज्ज्ञांनी शंका घेतल्या, आणि त्या घ्यायलाच हव्यात. पण यादी नावानिशी होती आणि ती वॉर्डात तयार झाली होती.

वसई-विरारमध्ये नऊ प्रभाग समित्या आहेत. प्रत्येकीने वर्षातून एका रात्री आपल्या हद्दीतली माणसं मोजली, स्टेशनाजवळचा एखादा पालिकेचा भूखंड निवाऱ्यासाठी आराखड्यात राखून ठेवला आणि ती यादी महानगर नियोजनाच्या बैठकीत मांडली, तर त्याला नवा कायदा लागत नाही.