नर्स पोहोचली, परवाना बाकी

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयी करार झाला. दहा हजार जणांना पाठविण्याचे उद्दिष्ट त्यावेळी जाहीर झाले आणि मागणी असलेल्या व्यवसायांत परिचारिकांचाही समावेश होता. आखाती देश, ब्रिटन आणि अमेरिका या परिचित वाटांच्या जोडीला राज्यातील नर्सिंगच्या विद्यार्थिनींपुढे त्यामुळे आणखी एक वाट आली. मात्र, या वाटेविषयीची चर्चा बहुधा पगार आणि व्हिसा यांपाशीच थांबते. परिचारिकेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब, म्हणजे परवाना, त्या चर्चेत मागे पडतो.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली, अतिदक्षता विभागात दहा वर्षे काम केलेली परिचारिका फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरते, तेव्हा जर्मन कायद्याच्या लेखी ती बहुतेक वेळा परिचारिका नसते, सहायक असते. तिचे ज्ञान प्रवासात कमी झालेले नसते. व्यवसाय करण्याचा अधिकार तेवढा सरहद्दीपाशी संपलेला असतो. तो पुन्हा मिळविण्यासाठी काय करावे लागते, किती काळ जातो आणि त्या काळाचा खर्च कोण सोसते, हे निघण्यापूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे.

पदवी एक, परवाना दुसरा

पदवी विद्यापीठ देते; रुग्णाला हात लावण्याची कायदेशीर परवानगी मात्र शासनमान्य नोंदणी संस्था देते. भारतात १९४७च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने अभ्यासक्रमाचा दर्जा ठरवायचा आणि राज्यांच्या परिषदांनी नोंदणी करायची, अशी रचना उभी राहिली. जर्मनीत हा अधिकार सोळा राज्यांकडे आहे. कायदा संघराज्याचा, अंमलबजावणी राज्याची, असा तेथील प्रकार आहे. त्यामुळे ज्या राज्यात नोकरी करायची, त्या राज्याच्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो.

जर्मनीत १ जानेवारी २०२०पासून परिचर्या व्यवसायाचा नवा कायदा लागू झाला. सर्वसाधारण परिचर्या, बालरुग्ण परिचर्या आणि वृद्धांची परिचर्या हे तीन वेगळे अभ्यासक्रम त्याने एकत्र आणले. तीन वर्षांच्या या शिक्षणात किमान २,१०० तास अध्यापन आणि २,५०० तास प्रत्यक्ष काम, असे एकूण ४,६०० तास होतात. ते पूर्ण करून उत्तीर्ण होणाऱ्या स्त्रीला 'फ्लेगेफाखफ्राऊ' आणि पुरुषाला 'फ्लेगेफाखमान' ही उपाधी मिळते. ती कायद्याने संरक्षित आहे. परवान्याचा कागद, म्हणजे 'उर्कुंडे', हाती पडल्याशिवाय ती कोणालाही लावता येत नाही.

युरोपीय संघाच्या २००५च्या निर्देशानुसार, संघातील एका देशात सर्वसाधारण परिचर्येचे ठरावीक शिक्षण घेतलेल्या परिचारिकेची पात्रता दुसऱ्या देशात आपोआप मान्य होते. भारतातून आलेल्या परिचारिकेच्या बाबतीत मात्र प्रत्येक अर्जाची स्वतंत्र छाननी होते.

तुलना कशाशी?

परवान्यासाठी चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : शिक्षण जर्मन शिक्षणाशी समकक्ष आहे, प्रकृती कामास योग्य आहे, चारित्र्याविषयी आक्षेप नाही आणि जर्मन भाषा पुरेशी येते. यांपैकी पहिल्या अटीवर बहुतेक अर्ज अडतात.

छाननी करणारे कार्यालय पदवीच्या नावावर जात नाही. कोणत्या विषयाला किती तास, कोणत्या विभागात किती आठवडे प्रत्यक्ष काम, याची मांडणी ते जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून पाहते. आपल्याकडील जीएनएमच्या नावातच प्रसूतिविद्या आहे आणि बीएस्सी नर्सिंगमध्येही तिला मोठे स्थान आहे. जर्मनीत मात्र सुईणीचा व्यवसाय पूर्णपणे स्वतंत्र आहे. त्यामुळे लेबर रूममध्ये घालविलेल्या तासांना या तुलनेत तेवढे वजन राहत नाही. दुसरीकडे, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची सेवा, घरी जाऊन करावयाची शुश्रूषा आणि पुनर्वसन यांवर जर्मन शिक्षणाचा भर असतो. तेथे आपले तास कमी पडतात. नोकरीतील अनुभवाने काही उणीव भरून निघू शकते, पण त्यासाठी अनुभवाच्या प्रमाणपत्रात विभाग, कालावधी आणि कामाचे स्वरूप स्पष्ट असावे लागते. 'समाधानकारक काम केले' एवढ्या एका ओळीचा तेथे उपयोग नाही.

या छाननीसाठी अर्ज भारतात राहूनही करता येतो. बहुतेकांच्या हाती प्रथम उणिवांची यादी असलेले पत्र पडते. त्याला नकार समजण्याचे कारण नाही. ही उणीव भरून काढा, परवाना मिळेल, असा त्याचा अर्थ असतो आणि त्याच्या आधारे जर्मनीत जाण्याचा व्हिसा मागता येतो.

उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला पूरक प्रशिक्षणाचा. त्यात रुग्णालयातील काम आणि वर्ग यांची सांगड घातलेली असते, अखेरीस केवळ एक चर्चावजा मुलाखत होते आणि कमाल मुदत तीन वर्षांची असते. दुसरा मार्ग ज्ञानपरीक्षेचा. तीत तोंडी आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग असतात आणि अनुत्तीर्ण भाग पुन्हा देण्याची संधी एकदाच मिळते. जानेवारी २०२४पासून आणखी एक सोय झाली आहे. अर्जदाराने ठरविल्यास तासांची बारकाईची तुलना सोडून देऊन थेट या दोहोंपैकी एक मार्ग निवडता येतो. त्यामुळे छाननीत जाणारा वेळ वाचतो. परंतु आपली नेमकी उणीव किती होती, हे मात्र मग कळत नाही.

मधला काळ

परवाना मिळेपर्यंत परिचारिकेला सहायक म्हणून काम करता येते. या काळाची किंमत आकड्यांत मांडता येते. जर्मनीत वृद्धसेवेच्या क्षेत्रासाठी स्वतंत्र किमान वेतन आहे. जुलै २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार ते अप्रशिक्षित सहायकाला तासाला १६.१० युरो, तर परवानाधारक परिचारिकेला २०.५० युरो होते. महिन्याला १६० तास धरल्यास करपूर्व वेतनातील हा फरक ७०४ युरोंचा होतो. परीक्षा सहा महिने लांबली, तर त्याची बेरीज चार हजार युरोंच्या पलीकडे जाते. कर्ज काढून गेलेल्या मुलीच्या घरी हप्ते मात्र ठरल्या तारखेलाच सुरू होतात.

कामाच्या स्वरूपाचा धक्का याहून वेगळा आहे. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणे, भरविणे, कूस बदलणे ही कामे बहुतांशी नातेवाईक किंवा मावशी करतात. सिस्टरकडे सलाईन, इंजेक्शने, औषधे आणि नोंदी असतात. जर्मन रुग्णालयात नातेवाईक भेटीपुरते येतात. शरीराची दैनंदिन स्वच्छता हा तेथे परिचर्येचाच गाभा मानला जातो, कारण त्या वेळी त्वचेची, श्वासाची, हालचालीची आणि मनःस्थितीची पाहणी होते. उलट, शिरेतून द्यावयाच्या उपचारांपैकी काही कामे तेथे परंपरेने डॉक्टर करीत आले आहेत. अनेक वर्षे अतिदक्षता विभाग सांभाळलेल्या परिचारिकेला हे आपले अवमूल्यन वाटते. परंतु २०२०च्या कायद्याने रुग्णाची गरज ठरविणे, शुश्रूषेची आखणी करणे आणि तिच्या परिणामांचा आढावा घेणे ही कामे केवळ परवानाधारक परिचारिकेसाठी राखून ठेवली आहेत. ज्ञानपरीक्षेत हीच दृष्टी तपासली जाते. केवळ हाताचे कौशल्य चांगले असून तेथे भागत नाही.

भाषेची पायरी

परवान्यासाठी जर्मन भाषेची बी-टू पातळी लागते. युरोपीय मोजपट्टीवर ए-वनपासून मोजल्यास ही चौथी पायरी होय. व्हिसाच्या वेळी काही प्रकारांत त्याहून खालची पातळी चालते. मार्च २०२४पासून सुरू झालेल्या 'मान्यता भागीदारी' या पद्धतीत तर ए-टू पातळीवरही जर्मनीत जाता येते आणि मान्यतेची प्रक्रिया तेथे पोहोचल्यावर पूर्ण करता येते. लवकर निघण्याचा हा मार्ग आकर्षक वाटला, तरी त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. न शिकलेली भाषा मग पाळीची नोकरी सांभाळून शिकावी लागते आणि ती येईपर्यंत परवाना लांबतो.

भाषेची ही अट केवळ औपचारिक नाही. पाळी बदलताना दिली जाणारी माहिती, डॉक्टरांशी दूरध्वनीवरचे बोलणे आणि रुग्णाच्या नोंदी या सर्वांना कायदेशीर महत्त्व असते. त्यात स्टुटगार्टच्या परिसरातील वृद्ध रुग्ण पुस्तकी जर्मनपेक्षा श्वाबियन बोली बोलतात. मुंबई-पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात भाषेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाही ही बोली वॉर्डातच शिकावी लागते.

प्रतीक्षा कोठे करावी?

अन्य दोन देशांकडे पाहिल्यास जर्मन पद्धतीचे वेगळेपण स्पष्ट होते. अमेरिकेत एनक्लेक्स-आरएन ही संगणकीय परीक्षा भारतातील केंद्रावर देता येते. एप्रिल २०२३पासूनच्या स्वरूपात तीत ८५ ते १५० प्रश्न आणि पाच तासांचा अवधी असतो. परवाना तेथेही राज्यागणिक मिळतो. तथापि, परीक्षा झाली तरी भारतीयांना स्थलांतराच्या व्हिसासाठी अनेक वर्षांच्या रांगेत थांबावे लागते.

ब्रिटनमध्ये परीक्षेचे दोन भाग आहेत. गणित आणि परिचर्याज्ञान तपासणारी संगणकीय परीक्षा मायदेशी देता येते. दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमधील ठरावीक केंद्रांवर द्यावी लागते आणि एका अर्जावर तिच्या तीन संधी मिळतात. तोपर्यंत खालच्या श्रेणीवर काम करावे लागते.

थोडक्यात, अमेरिका विमानात बसण्यापूर्वी थांबविते, ब्रिटन निम्मे येथे आणि निम्मे तेथे थांबविते, तर जर्मनी आधी आत घेते आणि मग थांबविते. प्रतीक्षा कोणालाच चुकलेली नाही. फरक एवढाच, की घरी राहून, आपल्या पदावर काम करीत थांबायचे, की परमुलखात सहायकाच्या पगारावर थांबायचे. हा निर्णय प्रत्येकीची घरची जबाबदारी, वय आणि भाषेची तयारी यांवर अवलंबून आहे. तो नकळत होऊ नये, एवढेच.

सही करण्यापूर्वी

कागदपत्रांत सर्वाधिक घोळ नावाचा होतो. जीएनएमचे गुणपत्रक माहेरच्या नावाने, परिषदेची नोंदणी सासरच्या नावाने आणि पासपोर्टवर तिसरीच मांडणी, हे महाराष्ट्रात नेहमीचे आहे. वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, हे परदेशी कार्यालयाला ठाऊक असण्याचे कारण नाही. अर्ज करण्यापूर्वीच राजपत्र, विवाह प्रमाणपत्र आणि परिषदेची नोंद यांचा मेळ घालून घेणे श्रेयस्कर. विषयवार तासांचा तपशील महाविद्यालयाकडून शिक्षण संपतानाच घेऊन ठेवावा.

दुसरा प्रश्न पैशांचा. जर्मनीत परिचारिकांच्या भरतीसाठी शासनपुरस्कृत मानांकन आहे. भरतीचा खर्च परिचारिकेने नव्हे, तर नोकरी देणाऱ्याने करावा, हे त्याचे मूलतत्त्व आहे. भारतातही १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी बंधनकारक करण्यात आली आणि त्याखालील नियमांनी सेवाशुल्कावर ३० हजार रुपये, अधिक कर, अशी मर्यादा घातली. त्यामुळे लाखांत रक्कम मागणाऱ्याकडे प्रथम नोंदणी क्रमांक मागावा.

करारातील तीन कलमे विशेष काळजीने वाचावीत. परवाना मिळेपर्यंतचा आणि मिळाल्यानंतरचा पगार वेगवेगळा लिहिला आहे का? प्रशिक्षणाच्या आणि भाषावर्गाच्या तासांचा पगार मिळणार का? आणि मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास किती रक्कम परत मागितली जाईल? या तीन उत्तरांवर मधल्या काळातील परिचारिकेचे सारे जगणे अवलंबून असते. ही उत्तरे भारतात असतानाच, लेखी आणि समजेल अशा भाषेत मिळविणे, हीच परवान्याच्या प्रक्रियेतील पहिली पायरी होय.