प्लेगच्या जंतूचा अंगरखा

सप्टेंबर 1994मध्ये लाखो लोक सुरत सोडून पळाले. तापीचा पूर ओसरला आणि वेड रोडच्या वस्त्यांतून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. पॉवरलूमवर राबणारे खानदेशी मजूर मिळेल त्या गाडीने नंदुरबार, भुसावळकडे निघाले.  त्याआधी बीडजवळच्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसलाच होता.

अशा वेळी नाव निघतं परळच्या हाफकिन संस्थेचं. 1896मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग शिरला, तेव्हा जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन तिथे आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. मांसाच्या रश्शात तुपाचे थेंब सोडायचे, जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे. भांडं हलवलं की गळून पडायचे आणि वर नवे यायचे. मग तापवून मारायचे. ही लस त्यांनी 10 जानेवारी 1897ला आधी स्वतःला टोचून घेतली, नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. 1899मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. 1925मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं.

या लसीतलं नेमकं काय उपयोगी पडतं, हे हाफकिनना ठाऊक असणं शक्य नव्हतं. पुढे कळलं, मारलेल्या जंतूंच्या लशींचा मोठा भार एका प्रथिनावर आहे: एफ-वन. पिसवेच्या थंड पोटात जंतू ते जवळजवळ बनवत नाही. माणसाच्या 37 अंशांच्या उबेत आला, की त्याच्या धाग्यांचा अंगरखा चढवतो, आणि पांढऱ्या पेशींना त्याला गिळता येत नाही. पण हा अंगरखाच आपल्या प्रतिपिंडांना पकड देतो. उंदरांवरच्या प्रयोगांत एफ-वनविरुद्धच्या प्रतिपिंडांनी प्लेग रोखलेला आहे.

तरी एवढ्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. मेलेल्या जंतूंची लस फुप्फुसाच्या प्लेगपुढे लंगडी पडते. सुरतेत भिस्त होती ती टेट्रासायक्लिनवर, आणि भीतीपोटी दुकानांतून तीच संपली. शिवाय एफ-वन नसलेले जंतूही सापडतात आणि मारकही असतात. म्हणून नव्या लशींत दुसरं प्रथिन जोडतात, व्ही. जंतू ज्या सुईने आपल्या पेशींत विष सोडतो, तिच्या टोकावर ते बसलेलं असतं. दोन्हींवर एकदम मारा केला, तर जंतूला निसटायला जागा कमी उरते.

मादागास्करच्या पाश्चर संस्थेने एफ-वन ओळखणारी तपासपट्टी काढली. गाठीतला द्रव किंवा थुंकी घेतली, की पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं. 1994मध्ये ती नव्हती. सुरतेतला आजार खरंच प्लेग होता का, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला.